स्रोत-कोड न दिलेला बंद ड्रायव्हर पीसीआय कार्डाच्या रजिस्टरांत नेमके काय लिहितो, हे कसे पाहावे?

प्रश्न

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये मी यंत्रांची देखभाल आणि त्यांचे सॉफ्टवेअर पाहतो. आमच्या जुन्या ग्राइंडिंग मशीनवरील एन्कोडरचे (अक्षाचे फिरणे पल्सच्या रूपात सांगणाऱ्या सेन्सरचे) काउंट मोजण्यासाठी एक पीसीआय कार्ड आहे. ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली असून हाती उरले आहे ते केवळ लिनक्सच्या २.६.३२ कर्नलसाठी, ३२ बिटमध्ये बांधलेले एक बायनरी मॉड्यूल. संगणकाला अखेरची घरघर लागण्याआधी नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर लिहावा असा विचार आहे, पण त्यासाठी जुना ड्रायव्हर कोणत्या पत्त्यावर काय लिहितो हे कळायला हवे. फंक्शन ट्रेसर (कर्नलमधील फंक्शनांच्या हाका नोंदवणारे साधन) लावून रीडएल आणि राइटएल ही रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची फंक्शने शोधली, तर ती नावे कर्नलच्या उपलब्ध फंक्शनांच्या यादीतच दिसत नाहीत, आणि तरीही स्क्रीनवर काउंट मात्र बदलत असतात. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर १

आपले चुकलेले नाही, ही फंक्शने तिथे खरोखरच नाहीत. एक्स८६ वर रीडएल हे इनलाइन असते, म्हणजे हाक मारण्याऐवजी त्याचा कोड जागच्या जागी घातला जातो, आणि संकलनानंतर त्याचे एक साधे ‘मूव्ह’ इन्स्ट्रक्शन उरते. ड्रायव्हर सुरुवातीला आयओरीमॅपला हाक मारून कार्डाचा भौतिक पत्ता कर्नलच्या आभासी पत्त्यांत बसवून घेतो आणि त्यानंतर रजिस्टर वाचणे व रॅम वाचणे यांत इन्स्ट्रक्शनच्या पातळीवर काहीच फरक राहत नाही. ज्याला नाव नाही त्याला ट्रेसर कुठून पकडणार?

पकडायचे ते पेज टेबलमध्ये, म्हणजे आभासी पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यात. कर्नलमधील एमएमआयओट्रेस हा ट्रेसर नेमके तेच करतो. तो मूळचा एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरचा अभ्यास करणाऱ्या नूवो प्रकल्पाच्या कामातून आला आणि २००८ मध्ये २.६.२७ आवृत्तीत कर्नलमध्ये दाखल झाला, म्हणजे आपल्या कर्नलमध्ये तो असू शकतो. संरचनेच्या फाइलीत त्याचा पर्याय चालू आहे का, एवढे पाहावे. आयओरीमॅप झाल्याबरोबर तो त्या पानावरची ‘उपस्थित’ ही खूण पुसून टाकतो. ड्रायव्हरने पत्त्याला हात लावला की पेज फॉल्ट होतो (पान सापडले नाही म्हणून प्रोसेसर थांबून कर्नलला बोलावतो), ट्रेसर इन्स्ट्रक्शन उलगडून वाचन आहे की लेखन, किती बाइटचे आणि कोणत्या पत्त्यावर, हे नोंदवतो, खूण क्षणभर परत लावून ते एकच इन्स्ट्रक्शन चालू देतो आणि लगेच खूण पुन्हा पुसतो. त्या क्षणभरात दुसऱ्या प्रोसेसरने मध्ये शिरू नये म्हणून तो एक सोडून बाकीचे सगळे प्रोसेसर बंद करतो, त्यामुळे संगणक बैलगाडीच्या गतीने चालू लागला तर घाबरू नये.

मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी ट्रेसर चालू करावा आणि मगच मॉड्यूल चढवावे, कारण आधीच झालेले आयओरीमॅप त्याला दिसत नाहीत. मशीन एक मिलिमीटर हलवण्याआधी ट्रेसरच्या मार्कर फाइलीत चार शब्द लिहून ठेवावेत, म्हणजे नंतर हजारो ओळींत ती हालचाल सापडते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. एखाद्या लेखनामागोमाग त्याच रजिस्टराचे वाचन दिसले आणि वाचलेली किंमत कुठेच वापरलेली नसली, तर ते बहुधा निरर्थक नसते. पीसीआयवरचे लेखन वाटेतल्या ब्रिजमध्ये (दोन बस जोडणाऱ्या चिपमध्ये) रेंगाळू शकते, आणि वाचन केले की ते आधी पुढे ढकलले जाते. नव्या ड्रायव्हरमध्ये ते वाचन गाळू नये.

उत्तर २

वरील उत्तराला एकच जोड. सर्व्होचा (मशीन हलवणाऱ्या मोटरचा) पुरवठा काढल्याशिवाय यातले काहीही करू नये, आणि मशीन हलवायचे तर हाताने हलवावे. ट्रेसरमुळे वेळेचे गणित बिघडते आणि ड्रायव्हरचा टाइमआउट झाला तर मशीन काय करील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. तसेच उत्सुकतेपोटी डेव्ह-मेम या भौतिक मेमरी थेट दाखवणाऱ्या फाइलीतून रजिस्टरे स्वतः वाचून पाहू नयेत, कारण वाचताच शून्य होणारी स्टेटस रजिस्टरे असतात. सातपूरला एका कार्डाची इंटरप्टची (कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची) खूण मी अशीच ‘फक्त बघायला’ जाऊन खाऊन टाकली होती, आणि ड्रायव्हर तिची वाट पाहत बसला होता.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. शनिवारी वर्कशॉपला सुट्टी असल्याने सर्व्हो काढून प्रयोग केला. कार्डावर पीएलएक्सची ९०५२ ही ब्रिज चिप आणि शेजारी एलएस७१६६ काउंटर आहे. ट्रेसमध्ये मॉड्यूल चढताना हेक्स ४सी या ऑफसेटवर हेक्स ४१ लिहिल्याची एक ओळ मिळाली. पण त्यानंतर हँडव्हील कितीही फिरवले तरी काउंटरची एकही नोंद नाही.

उत्तर १

ती ओळ चिपच्या इंटरप्ट रजिस्टराची आहे: ४१ म्हणजे पहिली स्थानिक इंटरप्ट लाइन आणि पीसीआयकडचा इंटरप्ट, दोन्ही चालू. काउंटर दिसत नाही याचे कारण बहुधा असे की तो मेमरीत नसून आयओ पोर्टवर (मेमरीहून वेगळ्या पत्त्यांवर) आहे. पोर्टची ‘इन’ आणि ‘आउट’ ही इन्स्ट्रक्शने पेज टेबलमधून जातच नाहीत, म्हणून पेज फॉल्टही होत नाही. पीसीआय कार्डांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेत, कार्डाला दिलेल्या पत्त्यांपैकी तिसऱ्या बेस अ‍ॅड्रेससमोर काय लिहिले आहे ते पाहावे, आणि मॉड्यूलला बाहेरून कोणती फंक्शने लागतात त्यांची यादी एनएम या आज्ञेने काढावी. यादीत आयओरीड८ आणि आयओराइट८ असतील तर आपले नशीब चांगले आहे. ती इनलाइन नसून खरी फंक्शने आहेत, त्यांच्यावर केप्रोब (फंक्शनला हाक येताच आपला कोड चालवणारा सापळा) बसतो. ३२ बिट कर्नलमध्ये आयओराइट८ ची किंमत प्रोसेसरच्या ईएएक्स या रजिस्टरात आणि पत्ता ईडीएक्समध्ये मिळेल, आणि आयओरीड८ ने काय परत दिले ते पाहायला रिटर्न प्रोब लावावा.

यादीत ती नसतील, तर दुसरा मार्ग म्हणजे कार्ड व्हीएफआयओने (कार्ड थेट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देण्याच्या कर्नलच्या सोयीने) क्यूइमू या प्रोग्रॅमच्या आभासी यंत्राला देणे आणि प्रत्येक वाचन-लेखन क्यूइमूच्या नोंदीत पाहणे. पण त्याला आयओएमएमयू (कार्डाच्या मेमरी-पत्त्यांचे भाषांतर करणारे हार्डवेअर) असलेला संगणक लागतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही नावे यादीत आहेत आणि समोर ‘आयओ पोर्ट्‍स अ‍ॅट ई०००’ असे लिहिले आहे. तीस-चाळीस ओळींचे केप्रोब मॉड्यूल लिहिले. पत्ते हेक्स १ई००० आणि १ई००१ असे दिसल्याने आधी गोंधळलो, मग कळले की पोर्ट मेमरीपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून कर्नल त्यांत हेक्स १०००० मिळवतो. प्रत्येक वेळी १ई००१ वर ३ लिहिले जाते आणि मागोमाग १ई००० वरून एकेक बाइट असे तीनदा वाचले जाते. एलएस७१६६ च्या माहितीपत्रकात ३ चा अर्थ काउंट लॅचमध्ये (वाचनासाठी तो धरून ठेवणाऱ्या जागी) उतरवणे आणि बाइटचा निर्देशक पहिल्यावर आणणे असा दिला आहे, म्हणजे २४ बिटांचा काउंट हाच. हँडव्हील एक फेरा फिरवून तीन बाइट जोडले, तर फरक एन्कोडरच्या प्लेटवरील पल्सच्या बरोबर चौपट आला. चिप क्वाड्रेचर (एन्कोडरच्या दोन पल्सरांगांच्या सगळ्या कडा) चारपट मोजत असणार, म्हणून मॉड्यूल चढतानाची लेखने आता पुन्हा एकेक करून उतरवतो आहे.