एक रुपयाच्या नोटेवर वचन का नसते?

प्रश्न:
शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचे वचनही छापलेले असते. एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचन नसते आणि सही वित्त सचिवांची असते. यामागे कायदा आहे की केवळ प्रथा? शिवाय ते वचन पाळायचे म्हणजे बँकेने धारकाला नेमके काय द्यायचे?

प्रतिसाद १:
यामागे कायदाच आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २२ नुसार बँकनोटा काढण्याचा अधिकार फक्त त्या बँकेला आहे आणि कलम २४ नुसार या नोटा दोन रुपयांपासून सुरू होतात. नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, आणि २०११ च्या नाणे कायद्यातील नाण्याच्या व्याख्येत भारत सरकारची एक रुपयाची नोटही येते. कागदाची असूनही ती कायद्याने नाणे असल्यामुळे, आणि बँकेने द्यायचा रुपया तोच असल्यामुळे, तिच्यावर वेगळे वचन लागत नाही. शंभराच्या नोटेबद्दल मागणी केल्यास रुपयाची नाणी द्यावीत, असे कलम ३९ सांगते. सोने मिळत नाही.

प्रतिसाद २:
याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यामुळे १९१७ मध्ये एक रुपयाची नोट प्रथम निघाली आणि १९२६ मध्ये थांबली. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये साठवू लागले, तेव्हा १९४० मध्ये ती पुन्हा आली आणि या वेळी तिला नाण्याचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. पुढे १९९४ मध्ये बंद झालेली ही नोट २०१५ पासून पुन्हा छापली जाऊ लागली. माझ्या मते आजच्या व्यवहारांत तिचा उपयोग थोडाच आहे, पण आपल्या चलनाची रचना तिच्याइतकी स्पष्टपणे दुसरी कोणतीही नोट दाखवत नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. सोने मिळत नसेल, तर बँकनोटांना आधार कशाचा?

प्रतिसाद १:
नोटा हे बँकेच्या इश्यू विभागाचे, म्हणजे नोटा काढणाऱ्या विभागाचे, देणे असते, आणि त्या देण्याइतकी मालमत्ता, म्हणजे सोने, परकीय रोखे, रुपयाची नाणी व सरकारी रोखे, त्या विभागाकडे असावीच लागते. पूर्वी त्यात सोने व परकीय रोख्यांचे प्रमाण किमान ४० टक्के ठेवावे लागे. १९५६ मध्ये ही प्रमाणाची अट गेली आणि १९५७ पासून दोन्ही मिळून किमान २०० कोटी रुपये, त्यांपैकी ११५ कोटींचे सोने, एवढीच अट उरली. याखेरीज कलम २६ नुसार या नोटांना केंद्र सरकारची हमी असते.