सुपर ८ वर घुमट आरती: आवाज जुळवायचाच कशाला?

रिळवाला
गोव्यात चवथीला सुपर ८ वर, म्हणजे जुन्या ८ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर, घेतलेल्या घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य) व्हिडिओखाली एका महाशयांनी ठोकून दिलंय: "क्रिस्टल मोटर (फिल्मची गती अचूक धरणारी) नसलेल्या कॅमेऱ्यावर आवाज जुळवायच्या भानगडीत पडू नये. चित्र मूक ठेवावं, खाली आरती सोडून द्यावी. कुणाला कळतं?"

मला कळतं. शामेळावर, म्हणजे घुमटाच्या साथीच्या ढोलावर, काठी पडताना दिसते आणि ठोका मागून येतो, हे गणपतीवरच्या माटोळीखाली बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आजचा कुठलाही डिजिटल रेकॉर्डर क्रिस्टलवरच चालतो. घसरतो तो कॅमेरा. कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी, मधलं चित्र ताणून आवाजाएवढं करायचं. आवाजाला हात लावायचा नाही. यात भानगड कसली?

तळ्याकाठी
ते महाशय मीच. टाळ्या मलाही वाजवता येतात. पन्नास फुटी कार्ट्रिजमध्ये ३६०० फ्रेम, सेकंदाला २४ च्या गतीने अडीच मिनिटं. गती शंभरात एकाने चुकली की शेवटाला ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद. द्रुत लयीत तेवढ्यात ओळ पुढे निघून जाते. ताणा म्हणता, पण कॅमेरा सगळीकडे सारखाच चुकतो हे कुणी सांगितलं? सेल उतरतात, कार्ट्रिज अडखळतं. दोन्ही टोकं बरोबर आणि मधलं सगळं हवेत!

रिळवाला
अख्खं कार्ट्रिज एका दमात संपवा असं कोण म्हणतंय? वीस सेकंदांच्या शॉटला हीच चूक पाच फ्रेमचीही नाही. आणि शामेळ आहे ना! दर ठोका म्हणजे एक टाळी. घसरलं तिथे काठी बघून पुन्हा जुळवा.

जुना_पेडणेकर
उगाच भांडता तुम्ही पोरं. कोडॅकने १९७३ ला चुंबकीय पट्टीची सुपर ८ काढली, आवाज तिथल्या तिथे फिल्मवर. १९९७ ला बंद केली, तेव्हापासून हे रडगाणं.

तळ्याकाठी
काका, त्या पट्टीवर आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असायचा. फिल्म कापली की तोंड एकाचं, शब्द दुसऱ्याचा. ते सुख नको.

कासाळेवाला
सिंक राहू द्या. त्या व्हिडिओत घुमट कुठाय? डबा वाजतोय. बकरीचं कातडं लावलं की हेच होणार. घोरपडीच्या कातड्याचा नाद वेगळाच.

माटोळी
घोरपडीला १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. २०१९ ला घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य म्हटलं, ते काय घोरपडी मारायला?

कासाळेवाला
कायदा शिकवू नका. आजोबांचं घुमट अजून आमच्या घरी टांगलेलं आहे. वाडाभर ऐकू जायचं. तुमचं बकरीचं भाद्रपदात ढिलं पडतं, दोन आरत्या झाल्या की शेकायला पळा.

माटोळी
मग शेका की! आमच्या वाड्यावरची पोरं शेकतात आणि पुन्हा बसतात. आजोबा वाजवायचे ते कळलं. तुम्ही वाजवता का?

कासाळेवाला
ताई, वैयक्तिक होऊ नका.

माटोळी
म्हणजे नाही वाजवत.

रिळवाला
अहो, कातडं सोडा! डबा वाजतोय तो मोबाइलच्या ऑटो लेव्हलमुळे. मोठा ठोका आला की यंत्र सगळाच आवाज दाबतं, मग हळूहळू वर आणतं. लेव्हल हाताने लावा, माइक घुमटाच्या तोंडासमोरून जरा बाजूला घ्या, घोरपड आठवायची नाही.

कासाळेवाला
तरी आठवते.

तळ्याकाठी
मुद्द्यावर येऊ का? शिगम्याचं रील मी स्कॅनला दिलं. त्यांनी काही न सांगता सेकंदाला २५ फ्रेमची फाइल हातात ठेवली. अडीच मिनिटांचं चित्र २ मिनिटं २४ सेकंदांत संपतं! रात्रभर टाळ्या जुळवत बसलो. तेव्हापासून ठरवलं, मूक बरं.

रिळवाला
हां, म्हणजे राग स्कॅनवाल्याचा आणि शिव्या बिचाऱ्या कॅमेऱ्याला! फाइल २४ वर आणा, निम्मा प्रश्न तिथेच संपला.

तळ्याकाठी
निम्माच. रोमटामेळ, म्हणजे शिगम्याची मिरवणूक, तुम्ही गच्चीवरून घेणार. माइक कॅमेऱ्यापाशी ठेवलात तर दर चौदा मीटरला आवाज एक फ्रेम उशिरा. तिथे क्रिस्टलसुद्धा काय करणार?

रिळवाला
म्हणून रेकॉर्डर खाली वाजवणाऱ्यांपाशी ठेवायचा. वेगळा असतो तो त्यासाठीच.

जुना_पेडणेकर
आणि कॅमेऱ्याची खडखड? आरतीत बुडते, पण नाटकातल्या हळू संवादात यंत्रच बोलत राहतं.

रिळवाला
गोधडी गुंडाळायची, काका. लेन्स तेवढी बाहेर.

तळ्याकाठी
बरं, वीस सेकंदांपुरतं तुमचं खरं. घ्या, लिहून दिलं. आता देवळातल्या उत्सवी नाटकाला या. नायक पद धरतो, वन्स मोर मिळतो, अडीच मिनिटांत कोण सोडतो? तो तान घेतोय आणि तुम्ही गोधडीत हात घालून कार्ट्रिज बदलताय. ते भोक कुठल्या टाळीने बुजवणार?

रिळवाला
दुसरा कॅमेरा.

तळ्याकाठी
त्याचे आणि त्याच्या फिल्मचे पैसे तुम्ही देणार असाल तर मी आज, आत्ता तुमच्या बाजूने.