स्कॅफोल्डला परांची म्हणावं की सांगाडा?

टिळकवाडी : कॉलेजच्या मराठी भित्तिपत्रिकेत ऊतक-अभियांत्रिकीवर (पेशी वाढवून त्वचा, हाड असे ऊतक तयार करण्याच्या तंत्रावर) लेख द्यायचाय. ‘स्कॅफोल्ड’ला, म्हणजे पेशी ज्यावर चिकटून वाढतात त्या सच्छिद्र आधाराला, काय लिहू? एकजण परांची म्हणतोय, दुसरा सांगाडा. आणि ‘ड्रग लोडिंग’ला, म्हणजे पॉलिमरच्या बारीक कणांत औषध भरण्याला?

निपाणीकर : सांगाडा तर नकोच ओ. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं हाडाचा सांगाडा येणार, आणि तुम्ही त्वचेबद्दल लिहिलंत की सगळाच घोळ. परांचीही बसत नाही. गवंडी ती बाहेरून बांधतो, माणसं उभी राहतात, काम झालं की सोडून नेतात. इथं पेशी आतल्या भोकांत शिरून तिथंच चिकटतात. त्यापेक्षा सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावतात त्या फळ्या, जवळचं.

खानापूर रोड : सेंट्रिंगच्या फळ्या परत मिळतात, ही चीज शरीरातच विरते. पण वेळेचं गणित मात्र अगदी तेच. फळ्या लवकर काढल्या तर स्लॅब बसतो. स्कॅफोल्ड ज्या पॉलिमरचे करतात त्यातलं पीएलजीए ५०:५० (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटक निम्मे-निम्मे) साधारण एक-दोन महिन्यांत विरतं, पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या पॉलिमरला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. हाडातल्या मोठ्या खड्ड्यात नुसतं ५०:५० घातलं, तर हाड धरायच्या आत आधार जातो. शिवाय पीएलजीए विरताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सुटतं, आजूबाजूचा सामू (pH) उतरतो, सूज येऊ शकते. म्हणून हाडासाठी त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळतात, ते आम्ल थोडं मारतं.
‘विरता साचा’ चालेल का?

निपाणीकर : साचा नुसता आकार देतो हो. त्यात पेशीला धरायला जागा आहे, हे कुठं कळतं?

चिकोडी : इकडचे कन्नड गवंडी परांचीला सारवे म्हणतात, पण तिथंही तुमची अडचण तीच.
मला ‘आधारजाळी’ बरं वाटतं. इलेक्ट्रोस्पिनिंगचं, म्हणजे उच्च व्होल्टेजनं सुईतून द्रावण ओढून केलेल्या बारीक धाग्यांचं, तर अक्षरशः जाळंच असतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन १० ते १२ टक्के, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ३:१ मध्ये. १५ किलोव्होल्ट, धागे गोळा करायचा पत्रा सुईपासून १५ सेंटिमीटरवर, तासाला १ मिलिलिटर. द्रावण पातळ झालं तर धाग्याला मणी येतात. आपल्याकडं जुलैत खोली कोरडी ठेवली नाही, तर धाग्यावर बारीक खड्डे पडतात, जाळं एकसारखं येत नाही. डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणल्याशिवाय सुरूच करू नये. आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) तर घालूच नका! पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळतं, १२१ अंशांना जाळ्याचा चपटा गोळा बाहेर येईल. ७० टक्के इथेनॉल आणि अतिनील दिवा वापरा.

खानापूर रोड : गोठवून सुकवलेल्या कायटोसानला (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणाऱ्या पॉलिमरला) जाळी म्हणणार? तो स्पंज आहे. उणे २० अंशांवर सावकाश गोठवला तर बर्फाचे स्फटिक मोठे, म्हणून भोकं मोठी. उणे ८० वर बारीक.

चिकोडी : मग धाग्यांच्या प्रकाराला आधारजाळी, स्पंजाला सच्छिद्र आधार. एकाच शब्दात दोन्ही कोंबायचा हट्ट कशाला?

टिळकवाडी : ठीक. आणि लोडिंग?

निपाणीकर : ‘भराई’ लिहा. पण इथं दोन आकडे असतात, ते एकत्र करू नका. कणांत १० मिलिग्रॅम औषध घालायला घेतलं, ८ आत अडकलं, सुकलेले कण भरले १०० मिलिग्रॅम. अडकलेला हिस्सा ८० टक्के, भराई ८ टक्के. जाहिरातीत ८०च छापतात, कारण ८ वाचून कोण विचारतंय? रोग्याच्या अंगात किती पॉलिमर जाणार, ते मात्र ८ वरून ठरतं.

खानापूर रोड : ‘रिलीज’ला, म्हणजे भरलेलं औषध बाहेर येण्याला, ‘झिरपणं’ सरसकट लिहू नका. कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेलं औषध पहिल्या दिवशीच लोंढ्यानं सुटतं, झिरपतं ते नंतरचं. सुटणं हा शब्द दोन्हीला चालतो.

चिकोडी : शीर्षकात ‘नॅनो आधारजाळी’ लिहिणार असाल तर आत एक ओळ टाका की नॅनो आहे तो धागा. पेशी स्वतः दहा-वीस मायक्रॉनची, धागे दाट विणले गेले की ती वरच राहते, आत शिरत नाही. हाडासाठी भोक शंभर मायक्रॉनच्या वरच लागतं.