अंगी लागेल असं खाणं: तुमच्या घरात काय उपयोगी पडलं?

वजन उतरवायचे उपाय जो-तो सांगतो. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत मात्र उलट अडचण असलेली घरं कमी नाहीत. वावरात राबून वाळलेली माणसं, भरतीसाठी पहाटे डांबरीवर पळणारी पण अंगात भर नसलेली पोरं, बाळंतपणानंतर खंगलेल्या लेकी-सुना. पावडरीचे महागडे डबे बहुतेकांना परवडत नाहीत, आणि माझ्या मते त्यांची गरजही नाही. तूर, हरभरा, सोयाबीन, जवस, फल्ली (भुईमूग) आपल्याच मातीत पिकते. ते सगळं बाजारात घालून आपण नुसत्या भाकर-भाजीवर का राहावं? म्हणून विचारतो: ज्यांचं वजन वाढलं, ताकद आली, त्यांनी काय खाल्लं, कधी खाल्लं, ते सविस्तर सांगा.

अंजनगाव सुर्जी, भरतीची तयारी करणारा

भाऊ, पोलीस भरतीत पोरांले १६०० मीटर, १०० मीटर अन् गोळाफेक असते. छाती न फुगवता ७९ सेंमी लागते, फुगवून ५ सेंमी वाढली पाहिजे. पळणं मले जमे, गोळा काही जाये ना. आमचे सर म्हणत, पळून जेवढं जाळतं तेवढं तरी पोटात जाऊ दे. आता पळून आलो की भिजवलेले हरभरे अन् गूळ. जेवणात चून (पिठलं) असलं तरी वरण वेगळं घेतोच. चार वाजता फल्लीदाणे अन् केळी, केळी इकडे स्वस्त भेटतात. रात्री उकडलेली अंडी, झोपताना म्हशीचं दूध.

पण नुसत्या खाण्यानं हे होत नाही. रोजचं पळणं एक दिवसाआड केलं. मधल्या दिवशी युरियाच्या रिकाम्या थैलीत माती भरून ती खांद्यावर घेऊन उठबशा, मग दंड, मग निंबाच्या फांदीले लटकून पुलअप्स. थैलीतली माती हळूहळू वाढवत नेली. आता शर्ट खांद्यात दाटते अन् गोळाही लांब जाऊन राहिला.

यवतमाळ जिल्हा, शेतकरी घरातली सून

दादा, पोरांचं सगळे सांगतात, बाईचं मी सांगते. आमच्या घरी दूध होतं, तूप होतं, तुरीचं वरण रोज शिजत होतं. पण मी सगळ्यांच्या मागून जेवायची, तोवर गंजात (पातेल्यात) वरचं पाणी तेवढं उरायचं. धाकट्याला अंगावर पाजत होते, निंदणाला जात होते आणि पोलकं सैल होत चाललं होतं. हे सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, वावरात जायच्या आधी तू जेवून घे, बाकीच्यांचं मी बघते." सुरुवातीला घास उतरत नव्हता, घरात कोणी जेवलं नाही आणि आपण बसलो याचाच संकोच वाटे. त्या समोर बसून वाढायच्या.

वावरातल्या डब्यात भाकर, तिच्यावर जवसाची चटणी आणि सढळ हातानं फल्लीतेल. तिसऱ्या प्रहरी सातूचं पीठ दुधात गूळ घालून. गहू आणि फुटाण्याची डाळ भाजून दळली की झालं, कोरडं पीठ पदराला बांधून कुठंही नेता येतं. एकदम मोठं ताट मला कधीच संपलं नसतं. खेपा वाढवल्या म्हणून अंगी लागलं. माझ्या जावेलाही आता हेच सांगते.

गडचिरोली, आरोग्यसेविका

खाणं वाढवण्याआधी एक बघा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. फार तहान, वारंवार लघवी होत असेल तर साखर तपासा. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ घरांत आहे. लेकरू वाढत नसेल, सांधे दुखत असतील, वारंवार पिवळं पडत असेल तर सोल्युबिलिटीची (रक्ताची प्राथमिक) चाचणी करा, मग पुढची पक्की तपासणी. जंत असतील तर त्याचंही औषध आधी घ्या. अशा माणसाला "खात नाही म्हणून बारीक" म्हणणं अन्याय आहे.

वाशीम, शाळेत खेळ शिकवणारा

अंजनगावच्या दादाचं बरोबर आहे. थोडा हिशेब जोडतो. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त गेल्या तर वजन सावकाश वाढतं, आणि सावकाशच वाढायला हवं. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. ५० किलोच्या पोराला म्हणजे ७५ ते ८० ग्रॅम. ५० ग्रॅम सोयावडीतून २६, दोन अंड्यांतून १२, ५० ग्रॅम फल्लीदाण्यांतून साधारण १२, अर्धा लिटर दुधातून १७ च्या पुढे. उरलेलं वरण-भाकरीतून निघतं. त्या ५० ग्रॅम दाण्यांतूनच २८० कॅलरी मिळतात, शिवाय खिशात मावतात. रोज तर्री-पोहे, समोसे खाऊनही काटा वर जातो, पण कंबर वाढली आणि थैली तेवढीच उचलली जात असेल तर ते मांस नाही, चरबी आहे.

भंडारा जिल्हा

आमच्याकडे भाताचं खाणं. मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावातली मासळी आठवड्यात दोन-तीनदा तरी जेवणात हवी, नाहीतर भातानं पोट भरतं आणि अंग तसंच राहतं. लाखोळीची डाळ स्वस्त म्हणून रोज मात्र खाऊ नका, सतत खाल्ल्यानं पाय अधू होतात.

पुसद

ताई-दादांनो, घरी सोयाबीन पोत्यानं पडून आहे. तसंच गव्हात टाकून गिरणीवर दळून आणलं तर चालते का?

यवतमाळ जिल्हा, शेतकरी घरातली सून

कच्चं नको भाऊ, पचत नाही, पोट बिघडतं. उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवा, उन्हात कडक वाळवा, मग दळा. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. त्याहून जास्त घातलं तर पोळी वातड होते आणि लेकरं ताटात ठेवतात.