मदत हवी आहे : कमी ऐकू येणाऱ्या वडिलांसाठी मराठी अक्षरे दाखवणारा एआर (समोरच्या दृश्यावर मजकूर वा चित्र दाखवणारा) चष्मा आता घ्यावा, की फोनविना चालणाऱ्या चष्म्यांची वाट पाहावी?

नमस्कार मंडळी,

माझे वडील निवृत्त माध्यमिक शिक्षक असून त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आम्ही नाशिकला राहतो. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि तपासणीत दोष आतल्या नसेचा असल्याचे निष्पन्न झाले आहे. त्यामुळे श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो खरा, परंतु शब्द सुटे होऊन कळत नाहीत. समोर एकच माणूस असेल तर ओठांकडे पाहून ते निभावून नेतात. मात्र जेवताना चौघे एकदम बोलू लागले, किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत कोणी माइकवरून बोलू लागले, की ते गप्प होतात, आणि अलीकडे तर अशा ठिकाणी जाणेच टाळू लागले आहेत. समोरच्याचे बोलणे डोळ्यांपुढे मराठीत उमटवणारा चष्मा त्यांना मिळावा या हेतूने मी बरेच दिवस माहिती जमवत आहे. माहिती पुष्कळ मिळाली, निर्णय मात्र होत नाही.

फोनविना चालणाऱ्या चष्म्यावर माझा भर असण्याचे कारण असे की, वडील बटणांचा साधा फोन वापरतात आणि घेऊन दिलेला स्मार्टफोन कपाटात पडून आहे. ज्या उपकरणासाठी आधी फोन चार्ज करायचा, मग ब्लूटूथ जोडायचे आणि मग अ‍ॅप उघडायचे, ते उपकरण आठवडाभरात त्या स्मार्टफोनशेजारी जाऊन बसेल याची मला खात्री आहे. प्रोसेसर, बॅटरी, पडदा आणि मायक्रोफोन असे सगळे ज्याच्या दांड्यांमध्येच आहे, असा चष्मा मला हवा आहे.

असा चष्मा अगदीच नाही असे नव्हे. स्नॅप कंपनीचा सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेला पाचव्या पिढीचा 'स्पेक्टॅकल्स' स्वयंपूर्ण आहे, परंतु त्याचे वजन २२६ ग्रॅम, बॅटरी सुमारे ४५ मिनिटांची, आणि तोही केवळ अ‍ॅप तयार करणाऱ्यांना महिना ९९ डॉलर भाड्याने. जून २०२५ मध्ये याच कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा, अधिक हलका चष्मा २०२६ मध्ये आणण्याची घोषणा केली. माझी सारी आशा तिच्यावर आहे. मेटाने २०२४ मध्ये दाखवलेला 'ओरायन' सुमारे १०० ग्रॅमचा असला तरी तो विक्रीसाठी नसलेला नमुना आहे, शिवाय त्याची गणिते करणारा वेगळा डबा सोबत बाळगावा लागतो. मेटाचाच 'रे-बॅन डिस्प्ले' सप्टेंबर २०२५ अखेरीस अमेरिकेत ७९९ डॉलरना विक्रीस आला. त्याचे वजन ६९ ग्रॅम, बॅटरी कंपनीच्या सांगण्यानुसार ६ तासांची, आणि समोरच्याचे बोलणे अक्षरांत दाखवण्याची सोय त्यात आहे. मात्र तो फोनशी जोडावा लागतो.

येथे एक खुलासा करतो, कारण नातेवाइकांनी मला हे अनेकदा सुचवले आहे. भारतात मे २०२५ मध्ये २९,९०० रुपयांपासून विक्रीस आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यात कॅमेरा आहे, स्पीकर आहे, पडदा नाही. तो जे काही सांगतो ते कानात सांगतो, आणि आमची अडचण नेमकी कानाचीच आहे.

अमेरिकेत असलेली माझी बहीण येत्या सुट्टीत येणार असून येताना चष्मा आणण्याची तिची तयारी आहे. खर्चाची मर्यादा एक लाख रुपये. तेव्हा फोनला जोडायचा चष्मा आताच आणवावा, की स्वतंत्र चष्मा बाजारात येईपर्यंत थांबावे? मराठी बोलणे मराठी लिपीत दाखवणारा चष्मा कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का? वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, लांबचे बऱ्यापैकी दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. त्यांना ही अक्षरे कोणत्या नंबरने वाचावी लागतील? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

— गोदाकाठ

प्रतिसाद : रामप्रहर

मी चष्म्यांच्या नव्हे, पण अशाच लहान उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. या चष्म्यांत अक्षरे काचेवर उमटलेली दिसली तरी डोळ्यांना ती काचेवर वाचायची नसतात. वेव्हगाइड (काचेच्या आतून प्रकाश डोळ्यापर्यंत नेणारी रचना) किंवा आरशांच्या रचनेमुळे ती काही मीटर अंतरावर तरंगत असल्यासारखी दिसतात, त्यामुळे ती वाचायला लांबचा नंबर लागतो, जवळचा नव्हे. मोतीबिंदूनंतर लांबचे चांगले दिसणाऱ्या माणसाला ही अक्षरे पुस्तकापेक्षा सोपी जाण्याचा संभव आहे.

परंतु आणखी एक गोष्ट पाहायला हवी. रे-बॅन डिस्प्लेमध्ये पडदा फक्त उजव्या काचेत आहे. वडिलांचा उजवा डोळा डाव्याइतकाच चांगला आहे का, हे नेत्रतज्ज्ञांकडून आधी खात्री करून घ्या. शिवाय तो उणे ४ ते अधिक ४ या नंबरांच्या मर्यादेतच बनतो. २०२५ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा अमेरिकेतही तो दुकानात घालून पाहूनच विकत घ्यायचा अशी पद्धत ठेवली होती, आणि ती उगाच नव्हती: चष्मा हाताच्या खुणांनी चालवण्यासाठी सोबत येणारा मनगटपट्टा मापाचा लागतो आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून चौकट चेहऱ्यावर बरोबर बसावी लागते. वडील येथे आणि दुकान तेथे अशा स्थितीत बहिणीने अंदाजाने आणणे मला धोक्याचे वाटते.

आता फोनविना चालण्याविषयी. बोलण्याचे अक्षरांत रूपांतर करण्याचे अवजड काम, विशेषतः मराठीसाठी, बहुतेक वेळा दूरच्या सर्व्हरवर होते. म्हणजे चष्मा कितीही स्वयंपूर्ण असला तरी त्याला इंटरनेट हवे. स्पेक्टॅकल्समध्ये वाय-फाय आहे, सिमकार्डाची सोय नाही. घरात तो चालेल, पण ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात वाय-फाय नसेल तर कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट लागणारच. फोन खिशातून गेला तरी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो, असे म्हणा. स्वतंत्र चष्मे आल्यावर ही अडचण आपोआप सुटेल असे धरून थांबणे मला पटत नाही.

प्रतिसाद : श्रुतिगंध

मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. चष्म्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी करून घ्याव्यात असे सुचवते.

पहिली म्हणजे शब्द-आकलनाची चाचणी. केवळ ऑडिओग्राम (कोणता आवाज किती मोठा असल्यावर ऐकू येतो याचा आलेख) पुरेसा नाही. शांततेत किती टक्के शब्द ओळखता येतात आणि गोंगाटात किती, हे मोजले म्हणजे श्रवणयंत्राची पुन्हा जुळणी करून फरक पडेल का ते कळते. कित्येकदा वक्त्याच्या गळ्यात अडकवायचा किंवा टेबलावर ठेवायचा, यंत्राला थेट जोडला जाणारा मायक्रोफोन घेतल्याने सभेचा प्रश्न निम्मा सुटतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तेथे अशा तपासण्या होतात. नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. गूगलचे 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे अ‍ॅप २०१९ पासून उपलब्ध आहे आणि त्यात मराठी आहे. कपाटातला तो स्मार्टफोन किंवा एखादा टॅबलेट वडिलांसमोर टेबलावर उभा ठेवा आणि जेवणाच्या वेळी चालू करा. चष्म्यातून जे दिसणार आहे त्याचा दर्जा यापेक्षा फार वेगळा असण्याचे कारण नाही, कारण मागे काम करणारी यंत्रणा याच प्रकारची असते. एकाने सावकाश बोललेले ती चांगले टिपते. दोघे एकदम बोलले, कोणी अर्ध्या वाक्यात हिंदी-इंग्रजी मिसळले, किंवा मिक्सर चालू असला, की अक्षरांचा गोंधळ उडतो. वडील ती अक्षरे वाचून संभाषणात भाग घेऊ लागले तर चष्म्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. शिक्षक असल्याने चुकीचे शब्द पाहून त्यांची चिडचिड होईल, हेही गृहीत धरा. माझ्याकडे येणारे काही ज्येष्ठ संभाषण सोडून शुद्धलेखन तपासत बसतात!

आणखी एक अगदी व्यावहारिक मुद्दा. वडिलांचे श्रवणयंत्र कानामागे बसणारे आहे का? या चष्म्यांच्या दांड्या बॅटरीमुळे जाड असतात. कानामागे यंत्र, त्यावर जाड दांडी आणि असल्यास मास्कची दोरी, एवढ्या सगळ्यांना तेथे जागा नसते. दांडी यंत्राच्या मायक्रोफोनवर घासली तर सतत खरखर ऐकू येते.

प्रतिसाद : वहाणबाज

मी वायरने फोनला जोडायचा, एक्सरिअल जातीचा चष्मा आईसाठी वापरून पाहिला आहे. त्यात बॅटरी नसल्याने वजन आटोक्यात राहते, आणि तो फोनचा पडदा जसाच्या तसा दाखवत असल्यामुळे देवनागरीची अडचण येत नाही. फोन जे दाखवतो तेच डोळ्यांपुढे येते. मात्र काचा गडद असल्याने समोरच्याला वाटते की घरात गॉगल घालून बसल्या आहेत, आणि संध्याकाळी आईला समोरच्याचे ओठ नीट दिसत नाहीत. ओठांकडे पाहून समजून घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा दोष मोठा आहे. शिवाय फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येण्याची सोय असावी लागते, जी मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये नसते. विकत घेण्यापूर्वी ती तपासा.

याउलट जे हलके चष्मे फोनकडून केवळ मजकूर घेतात आणि स्वतःच्या फाँटमध्ये अक्षरे काढतात, त्यांत देवनागरी असेलच असे नाही. असली तरी वेलांटी चुकीच्या बाजूला जाते किंवा जोडाक्षर मोडून पाय मोडलेली व्यंजने दिसतात. विक्रेत्याने 'मराठी चालते' म्हटले तर 'विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वर्गात किर्र अंधार केला' एवढे वाक्य त्याच्यासमोर बोलावे आणि काचेत काय उमटते ते पाहावे. रफार, डोक्यावरचा अनुस्वार आणि 'ऱ्या' एकमेकांत न मिसळता वाचता आले, तरच पुढे बोलणी करावीत.

आणि थांबण्याविषयी म्हणाल तर, पहिल्या पिढीचा चष्मा घेण्याची घाई मी तरी करणार नाही. गूगल ग्लास २०१३ मध्ये १५०० डॉलरना आला आणि जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाला. कॅनडातील नॉर्थ कंपनीचा 'फोकल्स' तर दिसायला अगदी साधा चष्मा होता. जून २०२० मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस ते चष्मे चालेनासे झाले. ग्राहकांना पैसे परत मिळाले हे खरे, पण परदेशातून आणलेल्या वस्तूच्या बाबतीत तेवढीही हमी नाही.

गोदाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रामप्रहर, तुमच्या सांगण्यावरून वडिलांचे जुने कागद काढले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहामुळे सूज येऊन गेलेली असल्याने त्यांचा डावा डोळाच भरवशाचा आहे. त्यामुळे रे-बॅन डिस्प्लेचा विचार येथेच सोडला आणि बहिणीला तसे कळवले.

श्रुतिगंध, टॅबलेटचा प्रयोग काल रात्री केला. वडिलांनी सुरुवातीला 'हे काय नवीन' म्हणून पाहिलेसुद्धा नाही. परंतु माझ्या मुलीने शाळेतला किस्सा सांगायला घेतला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून टॅबलेट स्वतःकडे ओढला आणि मध्येच तिला एक प्रश्न विचारला. तिच्या बाईंचे आडनाव यंत्रणेने प्रत्येक वेळी निराळे लिहिले, त्यावर त्यांनी टिप्पणी केलीच. वाचायला मान खाली घालावी लागते आणि तेवढ्यात बोलणाऱ्याचा चेहरा सुटतो, ही त्यांची तक्रार. चष्म्याची गरज नेमकी येथेच आहे हे मला आता पटले, मात्र घाई नाही हेही पटले.

त्यांचे यंत्र कानामागचेच आहे. तेव्हा आता माझा प्रश्न एवढाच उरतो : दोन्ही डोळ्यांना अक्षरे दाखवणारा, पारदर्शक काचांचा आणि कानामागच्या यंत्रासोबत निदान दीड-दोन तास घालता येईल असा चष्मा कोणी वापरला आहे का, आणि पुण्या-मुंबईत तो घालून पाहण्याची सोय कोठे आहे? श्रुतिगंध, यंत्राची जुळणी बदलतानाच पातळ नळीचे किंवा कानाच्या आत बसणारे यंत्र त्यांच्या दोषाला चालेल का? ऑडिओग्रामची प्रत तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

प्रतिसाद : श्रुतिगंध

अवश्य पाठवा. जुन्या तपासणीचीही प्रत असेल तर सोबत जोडा, म्हणजे दोष किती वेगाने वाढला आहे ते कळेल. दोष तीव्र असेल तर कानाच्या आतले यंत्र पुरे पडत नाही. पातळ तारेचे, रिसीव्हर (आवाज सोडणारा छोटा स्पीकर) कानात बसणारे यंत्र मात्र बऱ्याच जणांना चालते आणि त्याचा कानामागचा भाग लहान असतो. तपासणीला येताना वडिलांचा नेहमीचा चष्मा आणि सध्याचे यंत्र दोन्ही आणायला सांगा.