१९७८चा रेड सॉक्स : सीझन बकी डेंटने घालवला की झिमरच्या हट्टाने?

फेनवेची पायरी (धागाकर्ता)

ऑक्टोबर लागला की आमच्या बॉस्टनच्या बाजूला एक नाव हमखास निघतं. बकी डेंट. शेजारचे आजोबा तर नाव आणि आडनावाच्या मध्ये एक शिवी घातल्याशिवाय ते उच्चारतच नाहीत. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

फक्त क्रिकेट बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलचा सीझन १६२ सामन्यांचा. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे बेस गाठून चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे ‘घरी’, परतलं की एक धाव; तीन बाद झाले की त्या इनिंगमधली संघाची पाळी संपली. १९७८ साली १९ जुलैला बॉस्टन रेड सॉक्सचे ६२ विजय आणि २८ पराभव झाले होते, न्यूयॉर्क यांकीज १४ सामन्यांनी मागे. सगळे धरून चालले होते की गट बॉस्टनचाच. पण सप्टेंबर संपता संपता यांकीज पुढे गेले, बॉस्टनने त्यांना पुन्हा गाठलं आणि दोघेही ९९ विजय, ६३ पराभव अशा बरोबरीवर थांबले. मग २ ऑक्टोबरला, सोमवारी दुपारी, बॉस्टनच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, एकच निर्णायक सामना. बॉस्टन २-० पुढे. सातव्या इनिंगमध्ये यांकीजचे दोन खेळाडू बेसवर, दोन बाद, आणि समोर डेंट. हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), फलंदाजीत बेताचा, त्या सीझनमध्ये तोवर अवघे चार होमरन (आपल्या षटकारासारखा फटका; बेसवरचे सगळे घरी येतात). त्याने बॉस्टनचा पिचर (चेंडू फेकणारा) माइक टोरेझ याचा चेंडू डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवरून जाळीत टाकला. ३-२. शेवटी यांकीज ५-४ ने जिंकले.

माझं म्हणणं असं की तो सीझन त्या फटक्याच्या कितीतरी आधी हातातून गेला होता, आणि तो घालवला मॅनेजर डॉन झिमरने. आपले नेहमीचे नऊ सोडून दुसऱ्या कोणाला मैदानात उतरवायचं त्याच्या जिवावर यायचं. कार्लटन फिस्क कॅचर. कॅचर म्हणजे तीन तास उकिडवं बसणं, अंगावर चेंडू झेलणं. फिस्कची बरगडी दुखावलेली, तरी तो दीडशेच्या वर सामने खेळला.

आणि बुच हॉब्सन. याच्याबद्दल वाचलं की माझ्याच कोपरात कळ येते. तिसऱ्या बेसवर उभा राहायचा. उजव्या कोपरात हाडाचे सुटे तुकडे होते, ते सरकून सांध्यात अडकायचे. मग हा दोन चेंडूंच्या मध्ये दुसऱ्या हाताने कोपर चाचपून तुकडा जागेवर ढकलायचा आणि पुन्हा वाकून तयार. त्या हाताने पहिल्या बेसपर्यंत लांब थ्रो करायचा. चेंडू कधी डोक्यावरून, कधी प्रेक्षकांत. सीझनभरात ४३ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका. क्षेत्ररक्षणाची सरासरी .८९९, म्हणजे दहातली एक संधी वाया. नियमित खेळाडूची सरासरी .९००च्या खाली गेली, ही त्याआधीची गोष्ट साठएक वर्षांपूर्वीची. मुलगा जिद्दी होता, नाही म्हणणार नव्हता. म्हणूनच त्याला बसवणं मॅनेजरचं काम होतं.

नेवार्ककर

असहमत. पूर्णपणे.

बॉस्टनचे लोक या सीझनबद्दल असं बोलतात जणू मैदानात दुसरा संघ नव्हताच. १९ जुलैला यांकीज ४८-४२ होते. तिथून पुढे निर्णायक सामना धरून ५२ जिंकले, २१ हरले. हे कोणी बॉस्टनच्या पदरातून उचलून नाही दिलं.

आणि दुखापतींचं म्हणाल, तर उन्हाळ्यात आमच्याकडे काय कमी होत्या? रँडॉल्फ, रिव्हर्स, खुद्द डेंट, कॅटफिश हंटर, सगळे आलटून पालटून बाहेर. हंटरचा खांदा गेला असंच म्हणत होते, आणि तो ऑगस्टमध्ये परत येऊन सामन्यामागून सामना जिंकायला लागला. २४ जुलैला बिली मार्टिन रडत रडत राजीनामा देऊन गेला आणि बॉब लेमन आला. लेमनने फार काही केलं नाही, शांतपणे संघ लावला आणि बाजूला झाला. त्यातच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप सुरू झाला. रोज सकाळी ड्रेसिंग रूममधली भांडणं छापून यायची, ती थांबली. माझ्या मते या संपाची किंमत चार-पाच विजयांची तरी आहे.

आणि रॉन गिड्री. २५ विजय, ३ पराभव, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी १.७४. असा पिचर समोरच्या संघाकडे असेल तर झिमरने हॉब्सनला चार दिवस विश्रांती दिली असती म्हणून काय झालं असतं?

फेनवेची पायरी

नेवार्ककर, यांकीज चांगले नव्हते असं मी कुठे म्हटलं? पण शेवटी फरक एका सामन्याचा होता. १६३ सामन्यांत एक. ४३ एररमधल्या दोन-तीन कमी झाल्या असत्या तर निर्णायक सामन्याची वेळच आली नसती. इतक्या पातळ फरकात मॅनेजरचा प्रत्येक निर्णय मोजावाच लागतो.

आकडेमोड

दोघांच्याही मध्ये पडतो.

१९ जुलैनंतर बॉस्टन ३७-३६. याला कोसळणं म्हणत नाहीत, साधारण खेळणं म्हणतात. लोकांच्या डोक्यात चित्र असं की १४ची आघाडी त्या एका मालिकेत बुडाली. ७ ते १० सप्टेंबर, फेनवेवर यांकीजविरुद्ध चार सामने : १५-३, १३-२, ७-०, ७-४. एकूण ४२ विरुद्ध ९. अमेरिकेत या मालिकेला ‘बॉस्टनची कत्तल’ म्हणतात. पण मालिका सुरू झाली तेव्हाच आघाडी फक्त चारवर आली होती. दहा सामन्यांची घट आधीच झालेली, गाजावाजा न होता.

आता धागाकर्त्यांना प्रश्न. थकल्यामुळे संघ गेला म्हणता. मग याच थकलेल्या संघाने शेवटच्या १४ पैकी १२ सामने कसे जिंकले? त्यातले शेवटचे आठ सलग. एक हरले असते तरी संपलं होतं. शेवटच्या रविवारी क्लीव्हलँडने यांकीजला ९-२ हरवलं आणि इकडे लुइस तियांतने टोरांटोला एकही धाव न देता ५-० ने सामना काढला. थकव्याने मोडलेला संघ असा उठतो?

फेनवेची पायरी

प्रश्न बिनतोड आहे, पण उत्तरही त्यातच आहे. सप्टेंबरच्या शेवटी शेवटी हॉब्सननेच जाऊन झिमरला सांगितलं की माझ्याने थ्रो होत नाही, मला तिसऱ्या बेसवरून काढा. मॅनेजरने नाही, खेळाडूने. मग जॅक ब्रोहेमर तिथे आला आणि हॉब्सन नुसती फलंदाजी करू लागला. निर्णायक सामन्यातही हीच मांडणी होती. जे जुलैत करायचं ते शेवटच्या आठवड्यात झालं.

तुमचा १२-२ मात्र माझ्या मांडणीला छेद देतो हे मान्य. फिस्क तेव्हाही तितकाच दुखावलेला होता.

कट्ट्यावरचा

थकवा वगैरे दुय्यम. खरी गोष्ट माणसामाणसातल्या आकसाची आहे.

बिल ली. डावखुरा पिचर, तोंडाने फटकळ, झिमरला त्याने एका उंदरासारख्या प्राण्याचं नाव ठेवलं होतं, आणि ते गावभर झालं होतं. जूनमध्ये संघाने बर्नी कार्बोला क्लीव्हलँडला विकलं. हा तोच कार्बो, ज्याने १९७५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्यात बरोबरी साधणारा होमरन मारला होता. ली त्याचा मित्र. रागाने संघ सोडून निघून गेला, दुसऱ्या दिवशी परतला. त्यानंतर झिमर आणि त्याचं जमणं शक्यच नव्हतं.

आता १० सप्टेंबर घ्या. तीन सामने हरलेत, चौथा वाचवायचाय. लीचा यांकीजविरुद्धचा जुना अनुभव दांडगा. झिमरने चेंडू कोणाकडे दिला? बॉबी स्प्राउल नावाच्या २२ वर्षांच्या पोराकडे, वरच्या पातळीवरचा दुसराच सामना. पहिल्या इनिंगमध्येच त्याने चार वॉक दिले (चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला फुकटचा पहिला बेस) आणि दोन बाद करून बाहेर गेला. त्या मुलाला वरच्या पातळीवर पुढे एकही विजय मिळाला नाही. माझा जीव त्याच्यासाठी तुटतो. मॅनेजरच्या भांडणाची किंमत त्याने मोजली.

आणि निर्णायक सामन्यात सातव्या इनिंगला यांकीजचा पिचर गॉसेज आला. उजव्या हाताचा, त्या काळातला सगळ्यात वेगवान म्हणावा असा. त्याच्यासमोर बदली फलंदाज म्हणून बॉब बेली, तोही उजवा; उजव्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज सहसा बरा. उभ्या उभ्या स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. डावखुरा कार्बो बाकावर असता तर?

नेवार्ककर

कट्ट्यावरचे, लीबद्दल अर्धंच सांगितलंत. तो १० विजय, ३ पराभव असा होता हे खरं, पण नंतर सलग सात सामने हरला. सीझन १०-१०. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, गेला तो आकसाने नाही, निकालाने. सात हरलेल्या पिचरला अशा सामन्यात उभं करून तो फुटला असता तर तुम्हीच झिमरला फाडून खाल्लं असतं.

स्प्राउलची निवड चुकली, मान्य. पण चुकणं आणि सूड यात फरक आहे. आणि टोरेझला विसरू नका. तो १९७७ साली आमच्याकडून वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना जिंकून मग तुमच्याकडे आला. डेंटला फेकलेला तो चेंडूही त्याचाच.

वूस्टरची काकू

तुमची चर्चा वाचत होते, राहवलं नाही. मी तेव्हा इथेच होते. लग्न होऊन वूस्टरला आले त्याला वर्ष झालं होतं. खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण, आयरिश आजी. त्या सोमवारी मी तिला वाटीभर शिरा द्यायला गेले तर बाई टीव्हीसमोर पदर खोचल्यासारखी ॲप्रन आवळून बसलेली. मला म्हणाली, बस. टेबलावर चार बटणं मांडून तिने मला बेस समजावले. बटणांची भाषा मला त्या दुपारी कळली, म्हणून बेसबॉल कळलं.

डेंटच्या वेळचं मला नीट आठवतं. त्याने आधी एक चेंडू स्वतःच्याच पायावर मारून घेतला आणि लंगडत फिरत होता. खेळ थांबला. त्या वेळात रिव्हर्सने त्याची बॅट बदलायला लावली, जुनीला चीर गेली होती. आजी म्हणाली, एवढा वेळ पिचरला थांबवू नये, हात गार पडतो. पुढच्याच चेंडूवर ते झालं.

पण मला झिमरही दोषी वाटत नाही आणि डेंटही. माझ्या मते सामना नवव्या इनिंगमध्ये उजव्या कोपऱ्यात गेला. एक बाद, बॉस्टनचा बर्लसन पहिल्या बेसवर, जेरी रेमीने उजवीकडे चेंडू मारला. तिथे यांकीजचा लू पिनिएला, आणि संध्याकाळचं ऊन थेट त्याच्या डोळ्यांत. त्याला चेंडू दिसलाच नाही. तरी हात पसरून असा उभा राहिला की बर्लसनला वाटलं हा झेल घेणार. चेंडू टप्पा पडून आला तेव्हा पिनिएलाने हातमोजा बाजूला खुपसला आणि तो त्यात बसला. चेंडू मागे गेला असता तर बर्लसन घरी आला असता आणि रेमीही कुठच्या कुठे पोचला असता.

कट्ट्यावरचा

काकू, हे वाचून वानखेडेची १९९१ची रणजी फायनल आठवली. हरियाणाविरुद्ध मुंबईच्या हातून दोन धावांनी गेलेली. कुरुविला धावबाद झाला आणि समोर वेंगसरकर १३९ वर नाबाद, डोळ्यांत पाणी. तिथे कोणी एकट्या कुरुविलावर खापर फोडलं नाही. मग डेंटवर तरी का, या धाग्याच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पुढच्याशी नाही.

आकडेमोड

अजून एक बाजू राहिली. दोष व्यक्तीचा शोधतोय आपण, पण तेव्हाचे नियम बघा. गटात पहिला आला तोच पुढे. वाइल्ड कार्ड, म्हणजे गटात पहिला न येताही पुढे जायची सोय, नव्हती. ९९ विजय मिळवून बॉस्टन घरी आणि पश्चिम गटातून कॅन्सस सिटी ९२ विजयांवर पुढे. आजच्या नियमांत हाच संघ ऑक्टोबरभर खेळला असता, आणि जिम राइसचे ४६ होमरन, १३९ धावा घरी आणणं, फटक्यांवर मिळवलेले एकूण ४०६ बेस, हे सगळं एका दुःखाच्या गोष्टीची तळटीप होऊन राहिलं नसतं. राइस त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे किती जणांना आठवतं?

फेनवेची पायरी

राइसबद्दल शंभर टक्के. आणि काकू, तुमच्या प्रतिसादाने मी थोडा हललोय, झिमरवरचा आरोप मात्र मागे घेत नाही. एक विचारू? बर्लसनने धोका पत्करून तिसऱ्या बेसकडे धाव घ्यायला हवी होती का?

वूस्टरची काकू

नाही रे. झेल झाला असता तर तो परत येईपर्यंत दोघे बाद आणि सामना तिथेच संपला असता. कोणीही शहाणा माणूस थांबलाच असता.

पण पुढे काय झालं ते सांगते. राइसने लगेच उजवीकडे खोल उंच फटका मारला. झेल गेला, पण इतका खोल की बर्लसन दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला. आधीच तिसऱ्यावर असता तर त्या झेलावर घरी आला असता, ५-५. मग आला आपला यास्त्रेम्स्की. ३९ वर्षांचा, त्याच सामन्यात गिड्रीला होमरन मारलेला. आजी उभी राहिली. गॉसेजचा चेंडू वर गेला, तिसऱ्या बेसच्या बाहेर, आणि यांकीजच्या नेटल्सने तो झेलला. आजीने टीव्ही बंद केला, एक अक्षर न बोलता बटाटे सोलायला घेतले. माझी शिऱ्याची वाटी तशीच टेबलावर होती, त्या चार बटणांशेजारी, आणि बर्लसनचं बटण तिसऱ्या कोपऱ्यावर. घरापासून नव्वद फूट.