लिनक्स कर्नेल 5.15 वर बॅकपोर्ट (नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणणं) बसत नाहीये: आधीचे पॅच (कोडमधले बदल) आणायचे की हाताने लिहायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. आमच्या बोर्डवर लिनक्स कर्नेल 5.15 चालतं. आम्ही वापरतो त्या सेन्सर ड्रायव्हरमधल्या बगची दुरुस्ती मुख्य ट्रीमध्ये (कर्नेलच्या मूळ कोडमध्ये) गेली, 6.6 वर सरळ बसली. 6.1 आणि 5.15 साठी मात्र स्टेबलवाल्यांची, म्हणजे जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या घालत राहणाऱ्यांची, 'फेल्ड' (पॅच बसला नाही) मेल आली. चेरी-पिक करा (तेवढाच बदल उचलून आणा), कॉन्फ्लिक्ट (कोड जुळत नाही त्या जागा) सोडवा, टेस्ट करून परत पाठवा, एवढं त्यात आहे.

खरी अडचण लॉकची आहे. नव्या कोडमध्ये 6.5 पासून आलेलं गार्ड वापरलंय, म्हणजे फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) आपोआप सुटतो. आमच्या 5.15 मध्ये ते नाही. त्याच्या जागी नुसतं लॉक-अनलॉक टाकलं तर कोड कंपाइल होतो, पण मध्ये दोन ठिकाणी रिटर्न आहेत. तिथून बाहेर पडलं की लॉक अडकूनच राहतं!

गार्डचे पॅच आधी आणावेत का? आणि कोड बदलल्यावर मूळ लेखकाचं नाव ठेवायचं की माझं? ग्राहकांची मशीन्स यावर चालतात, त्यामुळे हे फक्त आमच्याकडे ठेवायचं नाही, स्टेबलमध्येच जायला हवं.

प्रतिसाद:

ताई, आधी 6.1 करा. दुरुस्ती 5.15 मध्ये आहे आणि 6.1 मध्ये नाही, असं स्टेबलमध्ये चालत नाही. कर्नेल अपग्रेड केलं की जुना बग परत येईल.

पूर्वतयारीचा पॅच लहान आणि निरुपद्रवी असेल तर तो आणणं केव्हाही बरं, पुढच्या दुरुस्त्याही सोप्या जातात. पण एका बगसाठी अख्खी लॉकिंगची व्यवस्था मागे नेऊ नका. हातानेच लिहा: दोन्ही रिटर्न काढून गोटूने एकाच लेबलकडे वळवा, अनलॉक तिथे एकदाच.

लेखक मूळचाच राहतो. संदेशात वर अपस्ट्रीम कमिटचा (मुख्य ट्रीमधल्या मूळ बदलाचा) हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, आणि तुमच्या साइन-ऑफच्या (नावाच्या सहीच्या ओळीच्या) आधी चौकटी कंसात काय बदललं ते एका ओळीत. विषयात 'पॅच 5.15.वाय', मूळ लेखकाला सीसी. पाठवण्याआधी रेंज-डिफने (दोन पॅचमधला फरक दाखवणारी गिटची कमांड) मूळ पॅचशी ताडून बघा.

आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नेलमधली तपासणी) चालू ठेवून, सेन्सरची वायर काढून एररचा रस्ता नक्की चालवा. नेहमीच्या टेस्टमध्ये तो रस्ता येतच नाही.

धागाकर्ती:

खूप आभार! आज 6.1 ला हात घालते. वायर काढून टेस्ट केली की लॉग इथेच टाकते, एकदा नजर घालाल का?